ट्रॅक्टर ट्रॉली (स्थानिक बांधणी)

ट्रॅक्टर ट्रॉली हे ट्रॅक्टरच्या मागे जोडून ओढले जाणारे, स्वतःचे इंजिन नसलेले मालवाहू वाहन आहे. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये त्यासाठी 'ट्रेलर' ही संज्ञा असली, तरी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 'ट्रॉली' हाच शब्द रूढ आहे. शेणखत, ऊस, कडबा, वाळू व विटा यांबरोबरच फवारणी यंत्र, पाण्याची टाकी, मोटारपंप, पाइप अशी शेतीची अवजारे नेण्यासाठीही तिचा उपयोग होतो. ट्रॅक्टर कारखान्यातून येतो. ट्रॉली मात्र पुष्कळदा तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावातील फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये, मालकाने सांगितलेल्या मापाने बांधून घेतली जाते. प्रस्तुत लेखात अशा स्थानिक बांधणीची माहिती आहे.

स्वरूप

ट्रॉलीचे मुख्य भाग म्हणजे पोलादी चॅनलची चॅसी, तिच्यावरील साटा (माल ठेवण्याचा उघडा पेटारा), मागील बाजूस बिजागरीवर उघडणारा फाळका, आस, चाके आणि ट्रॅक्टरला जोडणारी दांडी. 'साटा' हा शब्द बैलगाडीच्या परिभाषेतून आला आहे. बैलगाडीची लाकडी चाके व लोखंडी धाव जाऊन टायरची गाडी आली, त्यानंतर ट्रॅक्टर आला, आणि शब्द मात्र टिकून राहिले.

ट्रॉल्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या असतात. दोनचाकी ट्रॉलीच्या भाराचा काही हिस्सा दांडीमार्फत ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर येतो. चारचाकी ट्रॉलीचा भार दोन आसांवर पेलला जातो व पुढील आस फिरत्या चकतीवर (टर्न टेबल) बसवलेली असते. कमी खर्चाच्या बांधणीत दोनचाकी प्रकार अधिक आढळतो, कारण त्यात एक आस, दोन टायर व फिरती चकती यांचा खर्च वाचतो. माल आपोआप ओतणाऱ्या ट्रॉलीत ट्रॅक्टरच्या तेलदाबावर चालणारा हायड्रॉलिक जॅक असतो. उचललेल्या साट्याखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय काम करणे जिवावर बेतू शकते. वरून गेलेल्या वीजतारांचा धोकाही याच प्रकारात सर्वाधिक असतो.

साट्याचे माप आणि ब्रास

साट्याचे माप ठरवताना शेतकरी व वर्कशॉपवाले दोघेही 'ब्रास' हे एकक वापरतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात सुमारे 2.83 घनमीटर. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 20 इंच उंच साट्यात काठोकाठ एक ब्रास माल मावतो. उंची 2 फूट केल्यास घनफळ 120 घनफूट, म्हणजे 1.2 ब्रास होते.

पत्र्याचा खर्च याच मापावरून निघतो. 10 × 6 × 2 फुटांच्या साट्याचा तळ 60 चौरस फूट आणि चारही बाजू मिळून 64 चौरस फूट भरतात. 3 मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 23.5 किलो असते. त्यामुळे एकट्या साट्याला सुमारे 270 किलो पत्रा लागतो. पोलाद किलोवर विकले जाते आणि बांधणीची मजुरीही पुष्कळदा किलोवरच ठरते. म्हणून बाजूंना पातळ पत्रा लावून त्यास अँगलचा आधार देणे ही खर्च कमी करण्याची नेहमीची पद्धत आहे. तिच्यात गैर काही नाही. बाजूंवर येणारा ताण तळावरील ताणाच्या मानाने कमीच असतो.

घोटाळा होतो तो घनफळ आणि वजन यांची गल्लत केल्याने. वरील 1.2 ब्रासच्या साट्यात शेणखत भरले, तर त्याच्या ओलीनुसार भार साधारणपणे दोन टनांच्या आसपास राहतो. त्याच साट्यात कोरडी वाळू भरल्यास भार सुमारे साडेपाच टन होतो आणि ओल्या वाळूचा त्याहून अधिक. खतासाठी बांधलेली ट्रॉली बांधकामाच्या हंगामात वाळूला लावली जाते तेव्हा साटा तोच दिसतो; आस, बेअरिंग आणि टायर यांवरील भार मात्र अडीच-तीन पटींनी वाढलेला असतो. बाजूंना वाढीव फळ्या लावल्यास त्यात आणखी भर पडते.

आस आणि तिची जागा

ट्रॉलीची आस सहसा चौकोनी भरीव पोलादी कांबीची असून तिच्या टोकांवर रोलर बेअरिंगचे हब बसवलेले असतात. खर्च वाचवण्यासाठी मोडीत निघालेल्या मालमोटारीची आस, हब व डिस्क भंगार बाजारातून घेण्याची प्रथा आहे. अशी आस उत्तम चालू शकते, परंतु डोळ्यांना न दिसणारी चीर तपासणे आवश्यक असते. त्यासाठी जुनी व स्वस्त पद्धत अशी : आस स्वच्छ करून तिला रॉकेल लावतात, ते पूर्ण पुसून काढून खडूची पूड फासतात. चीर असल्यास तीत मुरलेले रॉकेल काही वेळाने वर येऊन खडूवर गडद रेघ उमटवते. चीर असलेली आस वेल्डिंगने सांधणे धोक्याचे आहे. आस व पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) यांचे पोलाद साध्या चॅनलहून वेगळे असते. वेल्डिंगच्या उष्णतेनंतर झपाट्याने थंड झाल्यावर सांध्यालगतचा भाग ठिसूळ होतो आणि एखाद्या खड्ड्यात तुकडा पडतो.

दोनचाकी ट्रॉलीत आस साट्याच्या बरोबर मध्याखाली नसते. ती थोडी मागे असावी लागते. उदाहरणार्थ, 10 फुटांच्या साट्यापुढे 4 फुटांची दांडी असेल आणि आस मध्यापासून 1 फूट मागे बसवली, तर समान पसरलेल्या भाराचा दहावा हिस्सा दांडीवर येतो. 5 टन मालाच्या बाबतीत तो सुमारे 500 किलो होतो. हा भार ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड वाढवतो. आस मध्याच्या पुढे गेली किंवा माल मागेच लादला, तर दांडी वर उचलू पाहते आणि मागील चाके जागच्या जागी फिरू लागतात. उलटपक्षी दांडीवर फार भार आल्यास, किंवा ती ट्रॅक्टरला मागील आसेच्या वरच्या उंचीवर बांधून ओढल्यास, चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात व ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. जोडणी खालच्या ठरावीक हुकालाच करतात, ती यासाठी.

जोडणीची पिन पुरेशा जाडीची आणि टोकाला अडकवण असलेली असावी लागते. पिनेऐवजी हाताशी सापडलेला बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालणे ही खेड्यापाड्यांत सर्रास दिसणारी सवय आहे. दांडीला जोडून सुरक्षा साखळी लावल्यास पिन निसटली तरी ट्रॉली मोकळी सुटत नाही. दांडी जेथे चॅसीला मिळते तो सांधा सर्वाधिक झिजतो. तेथे नुसत्या वेल्डिंगवर न थांबता त्रिकोणी पट्ट्यांचा आधार देतात.

ब्रेक

स्थानिक बांधणीत सर्वाधिक काटकसर ब्रेकमध्ये होते. पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच. सुमारे 50 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते आणि त्याचे ब्रेक बहुधा फक्त मागील चाकांना असतात. मागे वाळूने भरलेली सहा टनांची ट्रॉली असेल, तर त्याच ब्रेकना आठ टन थांबवावे लागतात. ब्रेकचे बल तेवढेच आणि वस्तुमान चौपट, म्हणून थांबण्याचे अंतरही ढोबळमानाने चौपट होते. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारा मोकळा ट्रॅक्टर 8 मीटरमध्ये थांबत असेल, तर भरलेल्या बिनब्रेकच्या ट्रॉलीसह त्याला 30 मीटरहून अधिक अंतर लागेल. उतारावर ते आणखी वाढते.

घाटात किंवा धरणाच्या उतारावर धोका केवळ अंतराचा नसतो. ट्रॅक्टर मंदावतो, ट्रॉली मागून रेटते आणि वळणावर ट्रॅक्टरला आडवा ढकलते; दोन्ही वाहने घडीच्या चाकूप्रमाणे मिटतात. ट्रॅक्टरचे डावे व उजवे ब्रेक पेडल शेतात वळण्यासाठी स्वतंत्र असतात. रस्त्यावर ते एकमेकांना खिटीने जोडले नसतील, तर एकाच चाकाला ब्रेक लागून हाच प्रकार सपाटीवरही घडतो. ट्रॉली रेटू लागताच तिच्याच दाबाने दांडीतील सरकता भाग मागे जाऊन ब्रेक लावणारी यांत्रिक रचना सोपी असून ती वर्कशॉपमध्ये बसवता येते. साट्याचा पत्रा एक मिलिमीटर कमी करून वाचणारे पैसे या रचनेकडे वळवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

दिवे व परावर्तक

पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यात गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून रात्रंदिवस ऊसवाहतूक चालते. साट्याबाहेर आलेली उसाची टोके मागचे दिवे झाकून टाकतात आणि संथ चाललेली किंवा पंक्चर होऊन थांबलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. त्यामुळे हंगामाच्या प्रारंभी परिवहन विभाग, पोलीस व साखर कारखाने परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा घेतात. मागील तांबडे दिवे, दिशादर्शक व पट्ट्या यांचा खर्च एकूण बांधणीच्या मानाने किरकोळ असतो. दिव्यांची तार मात्र चॅनलच्या आतून, नळीत घालून नेणे आवश्यक असते. उघडी तार पहिल्या हंगामातच तुटते.

कायदेशीर बाजू

ट्रॅक्टरची नोंदणी असली तरी ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते व तिला स्वतःचा क्रमांक मिळतो. नटवर पारीख आणि कंपनी विरुद्ध कर्नाटक राज्य (2005) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ट्रॅक्टर व ट्रॉली यांचा जोड हे मालवाहू वाहन ठरते असा निर्णय दिला. शेतीसाठी नोंदलेल्या जोडाने भाड्याने वाळू किंवा विटा वाहिल्यास अपघातानंतर विमा कंपनी भरपाईची जबाबदारी नाकारू शकते. लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू किंवा ऊसतोड मजूर ट्रॉलीत बसवून नेण्याची पद्धत प्रचलित असली, तरी मालवाहू वाहनातून अशी प्रवासी वाहतूक करणे कायद्याला धरून नाही.