ग्राउंड लूप

ग्राउंड लूप : शेपटाखाली चाक असलेले छोटे विमान जमिनीवर धावत असताना वैमानिकाच्या ताब्यातून सुटून एकाएकी गर्रकन वळण्याची घटना. बहुतेक वेळा ती उतरल्यानंतर, वेग ओसरत असताना घडते. उड्डाणाच्या धावेतही घडू शकते. आतली माणसे सहसा बचावतात, विमान मात्र क्वचितच धड राहते. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, त्या बाजूच्या चाकाचा पाय मोडतो आणि कधी प्रॉपेलर मातीत रुतून इंजिनालाही दणका बसतो. ग्लायडरच्या पंखाचे टोक उंच गवतात अडकले तरी हाच प्रकार होतो.

कारणमीमांसा : अशा विमानाची, म्हणजे टेलव्हील विमानाची, दोन मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे असतात आणि तिसरे छोटे चाक शेपटाखाली. सगळी अडचण या मांडणीत आहे. नाक जरासे डावीकडे वळले, तरी विमानाचे वजन निरूढीमुळे आधीच्याच दिशेने जाऊ पाहते. चाके जमीन धरून असतात, मागचे वजन बाहेरच्या बाजूने त्यांना ओलांडू लागते आणि त्यामुळे नाक आणखी डावीकडे फिरते. म्हणजे वळणच पुढच्या वळणाला जोर देते. उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉली जशी थोड्याशा चुकीने आडवी होत जाते, तसेच हे. नाकाखाली चाक असलेल्या विमानात मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या मागे असल्याने नेमके उलटे घडते : विमान थोडे तिरके टेकले, तरी वजनच त्याला सरळ करते.

वळण सुरुवातीलाच थोपवले तर रडरच्या (शेपटावरील सुकाणूच्या) पेडलवर पायाचा हलका दाब पुरतो. एका मर्यादेपलीकडे मात्र रडर आणि ब्रेक दोन्ही मिळूनही कमी पडतात. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट वेगाने टेकलेल्या विमानात ती चौपट असते. गरजेपेक्षा जास्त वेगाने उतरणे म्हणूनच महागात पडते.

वेग जास्त असतो तोवर रडरवरून पुरेशी हवा वाहते आणि ते काम करते. वेग अगदी कमी झाला की स्प्रिंगांनी रडरला जोडलेले शेपटाचे चाक दिशा सांभाळते. या दोहोंच्या मध्ये एक टप्पा असा येतो, की रडर निस्तेज झालेले असते आणि चाकाची पकड अजून पक्की झालेली नसते. विमान टेकले म्हणून वैमानिक सैलावतो तोही याच वेळी. स्प्रिंगा ढिल्या असणे, दोन टायरांतील हवा कमीजास्त असणे, चाके समांतर नसणे या यांत्रिक कारणांकडे दुर्लक्ष होते आणि दोष सरसकट वैमानिकाच्या माथी जातो, हे योग्य नाही.

आडवा वारा हा दुसरा शत्रू. उभा शेपूटपंख मागे असल्याने वारा शेपूट ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळते. उड्डाणाच्या धावेत यात प्रॉपेलरची भर पडते. कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा प्रॉपेलर विमानाला डावीकडे ओढतो, आणि शेपूट उचलताना जायरोस्कोपसारख्या परिणामामुळे ही ओढ एकदम वाढते. अमेरिकी कॉन्टिनेंटल आणि लायकमिंग इंजिनांच्या विमानांत हे दिसते. ब्रिटिश जिप्सी मेजर इंजिन उलट फिरते, म्हणून ते बसवलेले टायगर मॉथ विमान उजवीकडे ओढ खाते. एकावर शिकून दुसऱ्यावर बसणाऱ्याचे पाय काही काळ चुकीच्या बाजूला दाब देतात.

उतरण्याच्या पद्धती : तिन्ही चाके एकाच वेळी टेकवणे ही एक रीत. यात टेकतानाचा वेग सर्वांत कमी असतो आणि शेपटाचे चाक लगेच कामाला लागते. दुसऱ्या रीतीत पुढची दोन चाके आधी टेकवून शेपूट वर ठेवतात; समोरचे दिसते आणि सोसाट्याच्या वाऱ्यात रडरवर भरवसा ठेवता येतो. पण चाके आदळली, तर मागे असलेले वजन शेपटाला खाली खेचते, पंखांचा हवेशी होणारा कोन वाढतो आणि विमान उसळून पुन्हा हवेत जाते. कोणती रीत चांगली यावर वैमानिकांत जुना वाद आहे. वारा आणि विमान पाहून ठरवावे, हेच त्याचे उत्तर.

दोन्ही रीतींत पायांचे काम एकच : छोटा दाब द्यायचा, लगेच सोडायचा, मग गरजेप्रमाणे दुसऱ्या पायाने. दाबून धरलेला पाय विमानाला पलीकडच्या बाजूला फेकतो; कितीतरी ग्राउंड लूप अशा अतिदुरुस्तीतून घडतात. वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली राहावा म्हणून स्टिक (नियंत्रणाची दांडी) वाऱ्याकडे झुकवून ठेवायची आणि वेग कमी होईल तशी ती आणखी झुकवत न्यायची. ब्रेक जोरात दाबले, तर विमान नाकावर उभे राहते.

टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवत नेताना) : शेपूट खाली असल्याने नाक वर असते आणि लांब नाकाच्या विमानात समोरचे काहीच दिसत नाही. वैमानिक नागमोडी वळणे घेत कधी डावीकडून, कधी उजवीकडून पुढे पाहतो. वारा समोरून असेल तर स्टिक मागे ओढून शेपूट दाबून ठेवायचे. मागून असेल तर स्टिक पुढे, नाहीतर वारा शेपटाखाली शिरून ते उचलतो. दुसऱ्या महायुद्धात वादळी वाऱ्यात स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या शेपटावर माणूस बसवण्याची पद्धत होती. १९४५ साली इंग्लंडमधील एका तळावर एक महिला मेकॅनिक शेपटावर असतानाच विमान उडाले; वैमानिकाने चक्कर मारून ते सुखरूप उतरवले आणि तिला फारसे लागले नाही. स्पिटफायर आणि जर्मन मेसरश्मिट १०९ या दोन्हींच्या मुख्य चाकांमधले अंतर कमी होते. मेसरश्मिट तर जमिनीवरील अपघातांसाठी बदनाम झाले.

इतिहास : विमानविद्येच्या पहिल्या काही दशकांत बहुतेक विमाने याच मांडणीची होती, तरी तेव्हा ही अडचण इतकी जाचक नव्हती. विमानतळ म्हणजे मोकळे गवताळ मैदान. वारा ज्या दिशेने येई त्या दिशेला तोंड करून उतरायचे, आणि ओल्या गवतावर चाक थोडे घसरले तरी विमान माफ करायचे. चाकाऐवजी घासत जाणारी पट्टी शेपटाखाली असे, तीच ब्रेकचेही काम करी; १९३१ मध्ये प्रथम उडालेल्या टायगर मॉथला मूळ रचनेत ब्रेक नव्हते. डांबरी धावपट्ट्या आल्या आणि उतरण्याची दिशा वाऱ्याऐवजी अभियंता ठरवू लागला. आडवा वारा रोजचा झाला, आणि डांबर चाकाला घसरू देत नाही. टेलव्हील विमान अवघड ठरले ते बऱ्याच अंशी असे. १९५० च्या दशकात पायपरने ट्राय-पेसर आणि सेसनाने १७२ ही नाकचाकाची विमाने आणली, आणि प्रशिक्षणाचा कल पालटला.

भारतात : जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू तळावर उतरवलेले पुस मॉथ याच मांडणीचे होते. पावसाळ्यात जुहूचा तळ पाण्याखाली जात असल्याने टपालसेवा तेवढ्यापुरती पुण्याला हलवावी लागे. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये मूळचे कोल्हापूर भागातील विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ (१९५१) आणि पुष्पक (१९५८) ही विमाने साकारली. दोन्ही टेलव्हील. पुष्पक हे वरच्या पंखाचे, शेजारी-शेजारी दोन आसनांचे, ९० अश्वशक्तीचे विमान देशभरच्या फ्लाइंग क्लबांनी वापरले. हवाई दलात एचटी-२ ची जागा पुढे नाकचाकाच्या एचपीटी-३२ ने घेतली.

सद्यःस्थिती : खडबडीत जमीन, आखूड धावपट्टी आणि प्रॉपेलरला दगडांपासून दूर ठेवण्याची गरज असेल तिथे ही मांडणी टिकून आहे : अलास्कातील सुपर कब, फवारणीची एअर ट्रॅक्टर, कसरतींची पिट्स. अमेरिकेत १५ एप्रिल १९९१ पूर्वी अशा विमानाचे मुख्य वैमानिक म्हणून उड्डाण न नोंदवलेल्यांना प्रशिक्षकाची वेगळी मान्यता घ्यावी लागते. तीत आडव्या वाऱ्यातील उड्डाण-अवतरण, दोन चाकांवरचे उतरणे आणि गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) यांचा समावेश आहे. उतरणे बिघडते आहे असे दिसताच पुन्हा वर जाणे हा ग्राउंड लूपवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो योजावा मात्र विमान वळू लागण्यापूर्वी.