रेड संचयपद्धतीचा उगम आणि तिच्या मर्यादा : दापोडीच्या इतिहासाच्या संदर्भात

मुळा-पवनेच्या संगमानजीक वसलेली दापोडी आज लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय व एस. टी. ची मध्यवर्ती कार्यशाळा यांमुळे परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र तिची ख्याती निराळी होती. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८२८ मध्ये, कॅप्टन फोर्ड यांचा येथील बंगला सरकारने घेतला व त्यालगत वनस्पतिउद्यान उभारले. उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे काढवून घेतली. चित्रकाराचे नाव कोठेही नोंदलेले नाही. १८६५ मध्ये उद्यान बंद झाले. चित्रे मात्र एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात सुरक्षित राहिली आणि २००२ मध्ये हेन्री नोल्टी यांच्या ग्रंथाद्वारे अभ्यासकांपुढे आली. मूळ स्थान नष्ट होऊनही त्याची नोंद टिकली, याचे कारण ती अन्यत्र होती. संगणकीय संचयाच्या इतिहासाचा विचार करताना हे उदाहरण ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

१९५६ मध्ये आय. बी. एम. कंपनीने तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी यंत्र बाजारात आणले. त्यात ५० तबकड्या होत्या व सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. पुढील तीन दशके मोठ्या संगणकांचा भर मोठ्या व महागड्या संचययंत्रांवरच राहिला. १९८८ मध्ये बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी वेगळा विचार मांडला. वैयक्तिक संगणकांसाठी बनणाऱ्या स्वस्त तबकड्या अनेक संख्येने एकत्र जोडाव्यात, असा तो विचार होता. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. तेथेही एका बलाढ्य प्रक्रियकाऐवजी अनेक लहान प्रक्रियकांना समांतर जोडण्याचेच तत्त्व होते.

या योजनेतील अडचण कर्त्यांनीच दाखवून दिली होती. एक तबकडी सरासरी ३०,००० तास टिकते असे धरल्यास, १०० तबकड्यांच्या समूहात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, उद्भवेल. म्हणून अतिरिक्त माहिती साठविणे अपरिहार्य ठरले. त्यांनी पाच पातळ्या वर्णिल्या. पहिलीत प्रत्येक तबकडीची तंतोतंत जुळी प्रत असते. पाचवीत प्रत्येक ओळीतील अंकांवरून एक ‘पॅरिटी’ अंक काढून तो सर्व तबकड्यांवर आळीपाळीने ठेवतात. एका ठिकाणी १ व दुसऱ्या ठिकाणी ० असेल तर पॅरिटी १ येते. यांतील कोणताही एक अंक हरवला तरी उरलेल्या दोहोंवरून तो पुन्हा काढता येतो. सहावी पातळी पुढे प्रचारात आली. तीत एकाच वेळी दोन तबकड्या निकामी झाल्या तरी माहिती वाचते.

प्रारंभी ही सोय मोठ्या यंत्रांपुरती व महाग नियंत्रकांपुरती मर्यादित होती. १९९० च्या दशकात लिनक्सने ती केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने घडवून आणली आणि २००१ पासून नील ब्राउन यांच्या ‘एमडीॲडम’ या साधनामुळे मेजावरील संगणकावरही ती सुलभ झाली. ४ टेराबाइटच्या चार तबकड्या घेतल्यास पाचव्या पातळीत १२ व सहाव्या पातळीत ८ टेराबाइट जागा वापरता येते. उरलेली जागा हे संरक्षणाचे मोल होय. तबकडी बदलल्यानंतर संपूर्ण मजकूर पुन्हा उभारण्यास अनेक तास लागतात. त्या अवधीत उरलेल्या तबकड्यांवर ताण पडतो व पाचव्या पातळीत दुसरा बिघाड सहन होत नाही. म्हणूनच मोठ्या तबकड्यांसाठी सहावी पातळी अधिक इष्ट मानली जाते. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास मजकूर व पॅरिटी यांचा मेळ बिघडू शकतो. त्यासाठी यूपीएस आवश्यक ठरतो. तबकडी निकामी झाल्याची सूचना मिळण्याची व्यवस्थाही प्रारंभीच करावी लागते, अन्यथा पहिला बिघाड कळण्यापूर्वीच दुसरा ओढवतो.

परंतु या पद्धतीची खरी मर्यादा याहून मूलगामी आहे. ती तबकडीच्या झिजेपासून रक्षण करते. चुकीने पुसलेला मजकूर मात्र ती दोन्ही प्रतींवरून तितक्याच निष्ठेने पुसते. आग, पूर वा चोरी यांपुढे एकाच पेटीतील सर्व तबकड्यांचे भवितव्य एकच असते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर झालेल्या हल्ल्यात संग्रहाची जी हानी झाली, तिने एकाच वास्तूत असलेल्या ठेव्याचे दौर्बल्य प्रत्ययास आणून दिले.

सारांश, रेडमुळे काम अखंड चालते. ठेवा चिरंतन होतो असे नव्हे. त्यासाठी निराळ्या स्थळी ठेवलेली व वेळोवेळी पडताळलेली स्वतंत्र प्रत हवी. दापोडीच्या उद्यानाचे ज्ञान आज उपलब्ध आहे ते तेथील वृक्षांमुळे नव्हे, दूरस्थ कागदांमुळे.