उच्च चुंबकीय क्षेत्रातील रुग्ण : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वैद्यकीय उपकरणांचा इतिहास प्रायः ती घडविणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्या उपकरणात निजलेल्या रुग्णास काय वाटले, याची नोंद त्यात क्वचितच आढळते. चुंबकीय अनुनाद प्रतिमांकन, म्हणजेच एम.आर.आय. ही तपासणी आज सातारा, कराड, सांगली व मिरज येथे उपलब्ध आहे. पूर्वी याच तपासणीसाठी येथील रुग्णास पुणे-मुंबईची वाट धरावी लागे. ही सोय जवळ आल्याने प्रवासाचा त्रास वाचला. तथापि तपासणीच्या वेळी होणाऱ्या त्रासाचा विचार मागेच राहिला. ‘यात काही होत नाही’ असे रुग्णास सांगितले जाते. हे विधान वैद्यकाच्या इतिहासात पूर्वीही केले गेले होते आणि रुग्णाच्या अनुभवाने त्यास वेळोवेळी दुरुस्त केले, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कृष्णाकाठची रुग्णसेवा

सातारा व सांगली हे जिल्हे १९४९ पर्यंत बव्हंशी एकाच प्रशासकीय कक्षेत, तर काही भाग संस्थानी अंमलाखाली होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या परिसरातील आधुनिक वैद्यकाचा पाया मिरजेत घातला गेला. १८८९ मध्ये भारतात आलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उघडले. मोतीबिंदू, मूतखडा अशा व्याधींसाठी दूरदूरचे रुग्ण तेथे येऊ लागले. रुग्णासोबत नातलग येत व जवळपासच चूल मांडून राहत, ही त्या काळची रीत होती. अपरिचित इमारतीत, अपरिचित भाषेच्या डॉक्टरांपुढे रुग्णास धीर देणारे ते पहिले साधन होते.

क्षयरोगाच्या बाबतीत तर रुग्णाची स्वस्थता हाच उपचार होता. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीस बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले. १९२० मध्ये मिरज-सांगली दरम्यान वानलेस आरोग्यधाम उभे राहिले. क्षयावर गुणकारी औषध उपलब्ध नसलेल्या त्या काळात मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार यांवरच वैद्यांची मदार होती. रुग्णाची भूक, झोप, धाप आणि थकवा यांची दररोज विचारपूस होई, कारण प्रकृतीचा अंदाज घेण्याचे तेच प्रमुख साधन होते.

‘निरुपद्रवी’ म्हणविलेली दोन साधने

त्या काळच्या शस्त्रक्रियेचा मुख्य आधार क्लोरोफॉर्म होता. त्याच्या वापरात काही रुग्णांचा अकस्मात मृत्यू होई. या प्रश्नाच्या चौकशीसाठी निजामाच्या हैदराबादेत १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग बसले. क्लोरोफॉर्मचा हृदयावर थेट घातक परिणाम होत नाही, श्वसनाकडे लक्ष ठेवले म्हणजे पुरे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांच्या प्रयोगांनी हृदयावरील घातक परिणाम सिद्ध केला.

क्ष-किरणांची कथा याहून वेगळी नाही. राँटजेन यांनी १८९५ मध्ये त्यांचा शोध लावला. किरण दिसत नव्हते, लागत नव्हते. म्हणून ते अपाय करीत नाहीत, असे गृहीत धरले गेले. परंतु १८९६ मध्येच केस गळणे व त्वचा भाजणे यांच्या तक्रारी प्रसिद्ध होऊ लागल्या. दोन्ही प्रसंगी शास्त्राच्या आधी शरीराने सूचना दिली होती.

चुंबकाच्या पोकळीतील अनुभव

पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुनादाद्वारे प्रतिमा मिळविण्याची पद्धत मांडली. ३ जुलै १९७७ रोजी रेमंड डमाडियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी छातीची पहिली प्रतिमा घेतली. त्यासाठी एका सहकाऱ्यास जवळजवळ पाच तास यंत्रात निश्चल राहावे लागले. १९७८ मध्ये पीटर मॅन्सफील्ड आपल्याच यंत्रात स्वतः उभे राहिले. या तंत्राचे आरंभीचे रुग्ण अशा रीतीने संशोधकच होते. लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या तपासणीत क्ष-किरण नसतात, ही तिची मोठी जमेची बाजू होय. परंतु चुंबकाचे बळ दीड टेस्लावरून तीनवर व पुढे सातवर गेले, तशा रुग्णाच्या संवेदनाही वाढल्या. २०१७ मध्ये अमेरिकेत सात टेस्लाच्या यंत्रास रुग्णतपासणीसाठी मान्यता मिळाली; २०२४ मध्ये फ्रान्समधील ११.७ टेस्लाच्या यंत्राने मानवी मेंदूच्या प्रतिमा घेतल्या.

या संवेदना रुग्ण साध्या मराठीत सांगतो. ‘गरगरतंय’, ‘मुंग्या येतात’, ‘अंग तापलं’, ‘तोंडाला लोखंडाची चव आली’, ‘जीव घुसमटतो’. यांपैकी प्रत्येक शब्दामागे कारण आहे. क्षेत्राचे चढउतार वेगाने होत असल्याने मज्जातंतू उद्दीपित होतात व मुंग्या येतात. रेडिओलहरींची काही ऊर्जा शरीरात शोषली जाऊन ऊब वाटते. क्षेत्र दुप्पट झाले असता तशाच स्पंदासाठी ती सुमारे चौपट होते. यंत्रातील वेटोळ्यांवर पडणाऱ्या बलाने मोठा ठोकल्यासारखा आवाज होतो, म्हणून कानात बोळे घालणे अगत्याचे ठरते. अरुंद पोकळीत जीव घुसमटतो, यास्तव काही रुग्ण तपासणी अर्धवट सोडतात.

‘गरगरणे’ या तक्रारीचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. १९९२ मध्ये जॉन शेंक व सहकाऱ्यांनी चार टेस्लाच्या यंत्रातील व्यक्तींना भोवळ, मळमळ व धातूची चव जाणवल्याचे नोंदविले. भोवळीचे समाधानकारक स्पष्टीकरण मात्र २०११ मध्ये मिळाले. अंतर्कर्णातील द्रवातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावर चुंबकीय क्षेत्राचे बल पडते व माणूस स्थिर असतानाही फिरत असल्याचा भास होतो, असे डेल रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी दाखविले. अंतर्कर्णाचे कार्य लोपलेल्या व्यक्तींत हा परिणाम आढळला नाही. म्हणजेच जी तक्रार घाबरटपणाची म्हणून सोडून दिली जाऊ शकत होती, ती शरीराची अचूक साक्ष होती.

लोखंडाचा प्रदेश आणि पूर्वचौकशी

औंध संस्थानच्या हद्दीत १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली व लोखंडी नांगरांचे उत्पादन होऊ लागले. आज सातारा, मिरज व कुपवाड येथील औद्योगिक वसाहतींत असंख्य कामगार लेथ व ग्राइंडिंगवर काम करतात. डोळ्यात कधीकाळी उडालेला लोखंडी कण चुंबकात सरकून दृष्टी गमावण्याचा धोका असतो. म्हणून ‘काम काय करता?’ हा प्रश्न तपासणीपूर्वी विचारणे येथे विशेष गरजेचे आहे. मंगळसूत्र, जोडवी व नथ यांबाबत नुसता हुकूम न देता कारण सांगावे लागते. निष्काळजीपणाचे मोल किती असते, हे जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात दिसले. ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एम.आर.आय. कक्षात गेलेला रुग्णाचा नातलग त्यात प्राणास मुकला. सोबतीला आलेल्या नातलगास धोका समजावून सांगणे, हाही रुग्णसेवेचाच भाग आहे.

निष्कर्ष

१. क्लोरोफॉर्म, क्ष-किरण व चुंबक या तिन्ही साधनांच्या दुष्परिणामांची पहिली सूचना रुग्णाच्या देहाने दिली. सिद्धान्त मागाहून आला.

२. उच्च क्षेत्रातील बहुतेक त्रास तात्पुरते असतात व साध्या उपायांनी कमी होतात. मेज सावकाश सरकविणे, डोके स्थिर ठेवण्यास सांगणे, कानांचे रक्षण, हातात सूचनेचा फुगा देणे व अधूनमधून रुग्णाशी त्याच्याच बोलीत बोलणे, यांस खर्च नगण्य आहे. वेळ मात्र द्यावा लागतो.

३. मिरजेच्या व पाचगणीच्या जुन्या आरोग्यधामांत विचारपूस हे उपचाराचे अंग होते. आज यंत्राच्या पोकळीत नातलग सोबत नसतो. त्यामुळे ती विचारपूस करण्याची जबाबदारी काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञावर येते. ‘काही होत नाही’ याऐवजी ‘काय होतंय ते सांगा’ असे त्याने म्हटले, तर रुग्णास धीर मिळेल व शास्त्रासही नवी नोंद मिळेल.