भंगारातून शर्यतीच्या पट्ट्यावर: फोर्डच्या नऊ इंची एक्सलचा इतिहास

१/
१९५७ सालच्या फोर्ड मोटारींना मागच्या बाजूस एक नवा एक्सल मिळाला. सेडान, स्टेशन वॅगन आणि हलके ट्रक यांच्यासाठी तो घडवला होता. तरीही आज, कारखान्यातील त्याचे उत्पादन थांबून जवळपास चार दशके लोटल्यावर, रस्त्यावर आणि शर्यतीच्या पट्ट्यावर अशा दोन्ही ठिकाणी धावणाऱ्या मोटारीसाठी मजबूत एक्सल शोधताना अमेरिकेत बहुधा पहिले नाव त्याचेच निघते. याची कारणे सांगणारा हा थ्रेड.

२/
आधी पार्श्वभूमी. ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन मोटारींनी जागेवरून निघून पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, सरळ अंतर कापण्याची शर्यत. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या तळांवर आणि रस्त्यांवर वेगाचा हा छंद वाढला. १९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. त्या काळातील अनेक तरुण ज्या मोटारीने शर्यतीला येत, तिनेच घरी परतत.

३/
मागच्या एक्सलवर नेमका किती भार येतो? इंजिनाची पीळशक्ती आधी गिअरबॉक्समध्ये वाढते आणि मग क्राउन व्हील-पिनियनमध्ये पुन्हा वाढते. ४०० पौंड-फूट देणारे इंजिन, २.५ पट करणारा पहिला गिअर आणि ४ पट करणारा एक्सल असे धरले, तर घर्षण वगळून चाकांपाशी ४,००० पौंड-फूट पोहोचतात. सर्वात मोठा पीळ ज्यांना सोसावा लागतो, ते भाग मोटारीच्या शेवटच्या टोकाला, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी असतात.

४/
साध्या टायरवर हा सगळा पीळ एक्सलपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. टायर घसरतो आणि त्या घसरण्यातच धक्का विरून जातो. घरातील विजेचा फ्यूज जे काम करतो, तेच येथे टायर करतो. शर्यतीसाठी मऊ रबराचे, रुंद, नक्षी नसलेले ‘स्लिक’ टायर आले आणि हा फ्यूज नाहीसा झाला. टायर घसरेना, तेव्हा एक्सल तुटू लागले.

५/
कारखान्यांनाही हे ठाऊक होते. १९६६ साली क्रायस्लरने ४२६ घनइंचाचे ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरील मोटारींत दिले. हाताने बदलायच्या चार गिअरच्या मोटारींना त्यांनी डाना कंपनीचा अवजड ‘डाना ६०’ एक्सल जोडला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्यांना मात्र स्वतःचा हलका, पावणेनऊ इंची एक्सल पुरेसा मानला. इंजिन एकच होते. फरक इतकाच की क्लच एकदम सोडल्यावर बसणारा हिसका ऑटोमॅटिकमधील टॉर्क कन्व्हर्टर सौम्य करतो. एक्सलची निवड केवळ अश्वशक्ती पाहून होत नाही, याचा हा कारखान्यानेच दिलेला दाखला.

६/
निवडीसाठी प्रामुख्याने तीन नावे पुढे आली. शेव्हरोले मोटारींतील ‘ट्वेल्व्ह बोल्ट’: क्राउन व्हीलचा व्यास ८.८७५ इंच. डाना ६०: व्यास ९.७५ इंच. आणि फोर्डचा नऊ इंची. केवळ आकार पाहिला तर डानाचा विजय ठरलेला होता. परंतु इतिहास आकाराने ठरला नाही.

७/
फोर्डचे बळ त्याच्या पिनियनमध्ये होते. बहुतेक एक्सलमध्ये पिनियनची दोन्ही बेअरिंगे पुढच्या बाजूस असतात आणि दातेरी टोक अधांतरी राहते. जबर भाराखाली ते टोक क्राउन व्हीलपासून दूर सरकू पाहते. दात अर्धवट भिडतात आणि तुटतात. फोर्डने पिनियनच्या मागच्या टोकाला तिसरे बेअरिंग दिले. दोन्ही बाजूंनी आधार मिळालेले पिनियन जागा सोडत नाही.

८/
दुसरी गोष्ट पिनियनच्या उंचीची. पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यरेषेखाली ठेवण्याची ‘हायपॉइड’ पद्धत रोचेस्टरच्या ग्लीसन कंपनीने विकसित केली आणि १९२६ साली पॅकार्ड मोटारींत ती वापरात आली. ट्वेल्व्ह बोल्टमध्ये पिनियन सुमारे दीड इंच खाली असते, फोर्डच्या नऊ इंचीत सव्वादोन इंचांहून अधिक. त्यामुळे एका वेळी दातांचा अधिक पृष्ठभाग भिडतो आणि ताकद वाढते. मात्र दात एकमेकांवर अधिक घासतात, उष्णता वाढते आणि इंजिनाची थोडी शक्ती तेथेच खर्ची पडते. मजबुती आणि तिची किंमत दोन्ही एकाच रचनेतून आली.

९/
तिसरे कारण यांत्रिक सोयीचे. डाना व ट्वेल्व्ह बोल्टमध्ये क्राउन-पिनियन मुख्य हाउसिंगमध्येच बसवलेले असते; गुणोत्तर बदलायचे तर मोटारीखाली आडवे होऊन सगळी जुळणी नव्याने करावी लागते. फोर्डचा मधला संच पुढच्या बाजूने अखंड बाहेर येतो. एक संच प्रवासाच्या गुणोत्तराचा, दुसरा शर्यतीचा. दोन्ही टेबलावर नीट जुळवून ठेवायचे आणि हवा तो बसवायचा. एकाच मोटारीत दोन आयुष्ये जगणाऱ्यांना ही सोय वरदान ठरली.

१०/
चौथे कारण साधे आहे: विपुलता. १९५७ ते १९८६ या काळात हा एक्सल फोर्डच्या असंख्य मोटारी आणि हलक्या ट्रकमध्ये बसला आणि त्या मोटारी यथावकाश भंगारात गेल्या. खिशात फारसे पैसे नसलेल्या तरुणाला तो भंगारखान्यात मिळे. हाउसिंगच्या नळ्या कापून, लांबी घटवून, तो कोणत्याही मोटारीखाली वेल्डिंगने जोडता येई. शेव्हरोलेच्या निष्ठावंतांनीही आपल्या मोटारीखाली फोर्डचा एक्सल बसवला.

११/
पाचवे कारण सर्वात गंभीर आहे. कारखान्यातून आलेल्या ट्वेल्व्ह बोल्टमध्ये चाकाचा शाफ्ट आतल्या टोकाला इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या एका लहान क्लिपने अडकवलेला असतो. शाफ्ट मध्येच तुटला, तर बाहेरचा तुकडा चाकासह मोटारीतून निसटू शकतो. फोर्डचा शाफ्ट बाहेरच्या टोकाला, बेअरिंगपाशी बोल्ट लावलेल्या पट्टीने धरलेला असतो. तो तुटला तरी चाक सहसा जागेवर राहते. ताशी २०० किलोमीटरवर या फरकाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

१२/
म्हणूनच शर्यतीच्या नियमांत त्याला स्थान मिळाले. पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या मोटारीला विशेष मजबूत शाफ्ट आणि शाफ्ट निसटू न देणारी रचना एनएचआरएने बंधनकारक केली.

१३/
मागणी वाढली तसे स्वतंत्र उत्पादक पुढे आले. कारखान्याचे शाफ्ट २८ वा ३१ स्प्लाइनचे असत. बाजारात ३५ आणि ४० स्प्लाइनचे मिळू लागले. गोल दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. त्यामुळे सुमारे १.३३ इंचांचा ३१ स्प्लाइनचा शाफ्ट काढून दीड इंचाचा ३५ स्प्लाइनचा बसवला, तर व्यास फक्त आठव्या हिश्शाने वाढूनही ताकद जवळपास दीडपट होते. हाउसिंग, मधला संच, गिअर, बेअरिंगे असे एकेक करत सगळेच नवे बनू लागले. आज ‘फोर्ड नऊ इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या एक्सलमध्ये फोर्डने बनवलेला एकही भाग नसू शकतो.

१४/
मग इतरांनी निवड चुकवली असे म्हणावे का? नाही. गुणोत्तर वारंवार न बदलणाऱ्या, अवजड आणि प्रचंड पीळ देणाऱ्या मोटारीला डाना ६० आजही शोभतो; वजन तेवढे सोसावे लागते. मध्यम शक्तीच्या मोटारीला ट्वेल्व्ह बोल्ट हलका पडतो आणि शक्तीही कमी खातो. मात्र क्लिपची व्यवस्था बदलून घ्यावी लागते. दोन्ही चाके कायमची एकत्र बांधणारा ‘स्पूल’ पट्ट्यावर उत्तम, पण रस्त्याच्या वळणावर तो टायर फरफटवतो आणि शाफ्टला पिळतो. रोजच्या वापराला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल अधिक सुज्ञ.

१५/
२००५ साली ‘हॉट रॉड’ मासिकाने ‘ड्रॅग वीक’ सुरू केला: एका आठवड्यात अनेक पट्ट्यांवर शर्यत आणि मधले सुमारे हजार मैल त्याच मोटारीने, सार्वजनिक रस्त्यांवरून. सांता आनाच्या तरुणांची जुनी अट अशा रीतीने पुन्हा स्पर्धेचा नियम झाली: शर्यत संपल्यावर मोटार स्वतःच्या चाकांवर चालत गेली पाहिजे.

१६/
नऊ इंची एक्सल या अटीला उतरला, तो सर्वात मोठा किंवा सर्वात कार्यक्षम होता म्हणून नव्हे. तो सहज मिळत होता, टेबलावर दुरुस्त होत होता आणि तुटला तरी चालकाचा जीव वाचण्याची शक्यता अधिक ठेवत होता. तंत्रज्ञानाच्या इतिहासात टिकून राहणाऱ्या वस्तूंची पारख करताना या तीन कसोट्या विसरून चालत नाही.

(थ्रेड समाप्त)