वैरणीचे गवत : कापणी, वाळवणी आणि गासड्या

जनावरांच्या कोरड्या चाऱ्यासाठी उभे गवत कापून, उन्हात वाळवून, गोळा करून आणि दाबून बांधून ठेवण्याची रीत. ज्वारीचा कडबा व भाताचा पेंढा हे धान्यपिकांचे अवशेष असल्याने या नोंदीत प्रसंगापुरतेच येतात. महाराष्ट्रात कडब्याला जो मान आहे तो गवताला नाही. देशावर ज्वारीनेच वैरणीचा प्रश्न परस्पर सोडवला. वाळक्या गवताचा मोठा व्यापार वाढला तो उत्तर कोकणात, म्हणजे आजच्या पालघर व ठाणे जिल्ह्यांत. भातखाचरांच्या वरच्या अंगाला असलेली वरकस जमीन, मुंबईतील म्हशींचे तबेले आणि मधून जाणारी रेल्वे ही त्याची तीन कारणे. पुढील वर्णन मुख्यतः त्या भागाला धरून आहे.

इतिहास : मराठेशाहीत सरकारी घोड्यांसाठी कुरणे राखून ठेवलेली असत. इंग्रजी अमलात लष्कराने स्वतःची गवत-कुरणे व दुग्धशाळा चालवल्या. लष्करी फार्म हा विभाग १८८९ मध्ये अलाहाबादेस सुरू झाला आणि अलीकडे तो बंद करण्यात आला.

गवते : पवन्या, मारवेल आणि डोंगरी ही चांगल्या प्रतीची गवते. मारवेल जनावरे आवडीने खातात आणि ते बांधावरही येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाण दिले आहेत. कुसळी मात्र अडचणीची. फुलोऱ्यापूर्वी ती बरी वैरण असते, पण बी पक्व झाले की तिची टोकदार कुसळे जनावरांच्या तोंडात, हिरड्यांत आणि मेंढ्यांच्या कातडीत रुततात. म्हणून ती एकतर लवकर कापावी किंवा कुसळे गळून गेल्यावर. लसूणघास बागायतीतला, त्याची वाळवणी वेगळ्या रीतीने करतात.

कापणीची वेळ : या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. गवत फुलोऱ्यात येते तेव्हा पाने व काडी यांचे प्रमाण अनुकूल असते आणि प्रथिने टिकून असतात. बी भरू लागले की प्रथिने झपाट्याने घटतात, काडी लाकडासारखी होते. उभ्याने वाळलेल्या डोंगरी गवतात कच्ची प्रथिने बहुधा तीन-चार टक्क्यांच्या आसपास राहतात. एवढ्यावर दुभते जनावर तर सोडाच, भाकड जनावरही वजन टिकवू शकत नाही. तरीही कोकणात कापणी होते ती दिवाळीच्या सुमारास आणि त्यानंतर. फुलोरा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो तेव्हा पाऊस पुरता उघडलेला नसतो, आणि तो उघडतो तेव्हा गावातले सगळे हात भातकापणीत गुंतलेले असतात. गवताला पाळी मिळते ती भात खळ्यावर आल्यावर. शेतकऱ्याला हे कळत नाही असे नव्हे. पाऊस आणि मजूर दोन्ही त्याच्या हातात नसतात. घरच्या गुरांपुरता एखादा तुकडा मात्र ऑक्टोबरातल्या उघडिपीत कापून घेणे बहुतेकांना शक्य असते, आणि तेवढे तरी करावे.

कापणी : विळ्याने. डाव्या हाताच्या मुठीत झुबका धरून जमिनीपासून दोन-तीन बोटे सोडून कापतात. बुडखा राखल्याने पुढच्या वर्षी फूट चांगली येते आणि चाऱ्यात मातीही कमी जाते. चार-सहा मुठी एकत्र करून गवताच्याच पीळ दिलेल्या बंधाने पेंढी आवळतात. बंधाला गाठ मारत नाहीत; दोन टोके पिळून ती बंधाखालीच खोचतात, त्यामुळे सोडताना तो एका हिसक्यात सुटतो. ओले गवत लगेच पेंढ्यांत बांधले तर आत बुरशी धरते, म्हणून आधी ते पसरून सुकवावे लागते. उभ्याने वाळलेल्याला ही अडचण नाही, आणि उशिरा कापण्याचा मोह पडण्याचे हेही एक कारण आहे.

वाळवणी व गोळा करणे : ताज्या हिरव्या गवतात ७० ते ८० टक्के पाणी असते, साठवणीसाठी ते १५ टक्क्यांच्या आसपास यावे लागते. पहिला दिवस पातळ थर, दुपारनंतर उलथणी, मग दाताळ्याने ओळी लावणे असा क्रम आहे. रात्री दव पडते म्हणून संध्याकाळी लहान ढिगारे करतात. लसूणघासाची पाने कोरडी झाली की हात लागताच झडतात आणि त्याचे सत्त्व पानांतच असते. त्याच्या ओळी सकाळी दवाच्या ओलीवर ओढतात. गवत वाळले की नाही हे पाहण्यासाठी मूठभर गवताला पीळ देतात. काडी कडकन तुटली तर तयार, नुसती वाकली तर आणखी ऊन हवे. पेऱ्याची साल नखाने सोलून ओल पाहणे ही अधिक भरवशाची खूण आहे.

गासड्या : पूर्वीची पद्धत हातदाबाची. लाकडी खोक्यात गवत भरून, पायाने तुडवून, तरफेने किंवा मळसूत्राने दाबायचे आणि तारेने आवळायचे. व्यापाऱ्यांच्या वखारींतून असे दाबयंत्र असे. सुटे गवत जागा फार खाते, तेव्हा दाबल्याशिवाय दूरची वाहतूक परवडत नाही. ट्रॅक्टरमागचा बेलर पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या पाचटामुळे ओळखीचा झाला. लहान गोल बेलर ३५ अश्वशक्तीच्या पुढील ट्रॅक्टरवर चालतो. कोकणच्या उताराच्या, कातळाच्या वरकस जमिनीवर त्याचा उपयोग मर्यादितच.

मजुरी व १९४५ चा संप : गवतकापणीची मजुरी वजनावर ठरे, आणि त्यामुळेच या कामाची नोंद राजकीय इतिहासात झाली. डहाणू व तेव्हाचा उंबरगाव तालुका येथील वारली मजूर जमीनदार-सावकारांच्या वेठीखाली होते. मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथे किसान सभेची सभा होऊन वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षीच्या हंगामात ५०० पौंड (सुमारे २२७ किलो) गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, या मागणीसाठी मजुरांनी विळे खाली ठेवले. वेळ अचूक साधलेली होती. उभे वाळलेले गवत थांबत नाही; बी गळते, काडी मोडते, वणव्याचे भय वाढते, तेव्हा प्रत्येक दिवसाचा तोटा मालकाच्या माथी येतो. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. पुढील वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठीही संप झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याचे नेतृत्व केले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात त्याचा वृत्तान्त आहे. गवताळ वरकस जमिनींवरील कुळांचे हक्क हा वेगळा आणि वादग्रस्त विषय असून येथे त्याचा विचार केलेला नाही.

साठवण व धोके : घरी पेंढ्यांची गंज रचतात, तळाला दगड किंवा लाकडे, शेंडा उतरता, म्हणजे अवकाळी पाऊस आत शिरत नाही. ओलसर गासड्या आतून तापतात. ओल २० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी येते, आणि मोठ्या थप्पीत उष्णता साठून काही आठवड्यांनी आपोआप आग लागू शकते. थप्पीत लोखंडी गज खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढावा. हाताला चटका बसला तर थप्पी मोडावी. उंच भरलेला ट्रक विजेच्या लोंबत्या तारांना लागून पेटण्याचाही धोका असतो. काळसर, कुबट गासडी गाभण जनावराला मुळीच घालू नये.

पूरक उपाय : निकृष्ट वाळके गवत किंवा पेंढा १०० किलो असेल तर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडतात आणि हवाबंद झाकून २१ दिवस ठेवतात. त्याने पचनीयता व नत्र वाढते. उघडल्यावर वास उडून जाऊ द्यावा. वासरांना हा चारा देत नाहीत.

विक्री : पेंढ्यांच्या शेकड्यावर किंवा वजनावर. चाऱ्यातील प्रथिनांनुसार दर ठरवण्याची रीत या व्यवहारात रूढ नाही.