प्रवेशाच्या पुढची वाट

डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पदवीधर झाल्या, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्यांना घडविणारी फिलाडेल्फियाची संस्था कशी उभी राहिली, हे मात्र थोड्यांस ठाऊक असेल.

स्त्रियांचे ते वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली निघाले. अ‍ॅन प्रेस्टन या तेथील पहिल्या तुकडीच्या विद्यार्थिनी. १८५३ साली त्या तेथेच प्राध्यापक झाल्या. परंतु विद्यार्थिनींना रुग्णशय्येजवळचे शिक्षण मिळेना. शहरातील रुग्णालयांची दारे त्यांना बंद होती. तेव्हा प्रेस्टनबाईंनी खटपट करून १८६१ साली स्त्रियांचे रुग्णालय उभारविले. १८६६ साली त्या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. पुढे १८६९ साली त्यांच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया रुग्णालयात व्याख्यानास गेल्या असता पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो केली. तरी त्या डगमगल्या नाहीत. आनंदीबाई तेथे पोहोचल्या तेव्हा अधिष्ठातापदी रेचल बॉडली या स्त्रीच होत्या.

याच संस्थेच्या परंपरेत १९९५ साली वैद्यकीय अध्यापिकांना नेतृत्वपदांसाठी तयार करणारा उपक्रम सुरू झाला. पदव्या मिळू लागून जवळजवळ दीडशे वर्षे लोटली, तरी अधिकारपदांची वाट बिकटच राहिली होती!

आपले मंडळ प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्ती देते, सत्कार करते. ते उचितच आहे. परंतु पुढील वाटेवर मुलामुलींचा हात कोण धरणार? ज्ञातीतील वडीलधाऱ्या डॉक्टरांनी व प्राध्यापकांनी वर्षास एकेका विद्यार्थ्याचा भार उचलावा, अशी एका वृद्ध शिक्षकाची नम्र विनंती आहे.