पोचमपल्लीच्या दोन वाटा

१८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली या गावी दलितांच्या चाळीस कुटुंबांनी विनोबांजवळ ८० एकर जमीन मागितली. निम्मी जिरायत, निम्मी ओलिताची. गावातलेच कोणी ती देईल काय, असे विनोबांनी जमलेल्यांना विचारले आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी उठून १०० एकर देऊ केली. भूदानाचा हा आरंभ सर्वांच्या ऐकण्यातला आहे. हृदयपरिवर्तनाची कथा म्हणून तो सांगितला जातो आणि ती कथा खोटी नाही. मात्र ती त्या सकाळपासून सुरू करणे म्हणजे ग्रंथाचा पूर्वार्ध फाडून टाकून उत्तरार्ध वाचण्यासारखे आहे.

निजामाच्या राज्यातील तेलंगणात वेट्टी नावाची पद्धत होती. आपल्याकडची वेठच ती. पण तिची व्याप्ती मोठी. परटाने कपडे धुवायचे, चांभाराने जोडे शिवायचे, कुळाने आधी देशमुखाचे शेत नांगरायचे, आणि हे सारे फुकट. जनगाव तालुक्यातील विसनूरच्या देशमुखाकडे सुमारे ४०,००० एकर जमीन होती असे सांगतात. योगायोग असा की त्याचेही नाव रामचंद्र रेड्डीच होते. पालकुर्ती गावच्या ऐलम्मा या परीट स्त्रीने खंडाने केलेल्या शेतातले पीक त्याच्या माणसांना नेऊ दिले नाही. गावातील संघम, म्हणजे आंध्र महासभेची स्थानिक शाखा, तिच्या पाठीशी उभा राहिला. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी येथे देशमुखाच्या माणसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या आणि दोड्डी कोमरय्या हा तरुण मारला गेला. तेथून लाठीची जागा बंदुकीने घेतली. चळवळीचे एक नेते पुच्चलपल्ली सुंदरय्या यांच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ३,००० गावांत संघमचा कारभार चालला आणि १० लाख एकर जमीन वाटली गेली. त्यांच्याच हिशेबाने सुमारे ४,००० माणसे प्राणास मुकली.

आता क्रांतिकारक आणि सुधारक हे शब्द घेऊन या इतिहासाकडे गेले, तर मोठी गंमत होते. बंदूक घेतलेल्यांनी जमिनीची कमाल मर्यादा प्रथम ५०० एकर ठरवली, मग ती उतरवीत उतरवीत १०० एकर जिरायत आणि १० एकर ओलितावर आणली. मध्यम शेतकरी बिथरू नये म्हणून क्रांतीदेखील अशी पायरीपायरीने उतरत होती. उलट, हाती काठीदेखील न घेणारे विनोबा पुढे ग्रामदानापर्यंत गेले; तेथे जमिनीवरील खाजगी मालकीच विसर्जित करावयाची होती. मागणी कोणाची अधिक मूलगामी, हे साधनांवरून ठरवू गेल्यास फसगत होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबादेत आले. त्याच्या पाठोपाठ पळालेले देशमुखही अनेक गावी परतले आणि वाटलेली शेते पुन्हा ताब्यात घेऊ लागले. संघमने कुळाच्या हाती शेत दिले होते, पण महसुली दप्तरात कुळाचे नाव नव्हते. त्याच सुमारास शासनाने १९४९ मध्ये जहागिरी रद्द केल्या व १९५० मध्ये कुळवहिवाटीचा कायदा केला. या कायद्यांमागे न्यायबुद्धी नव्हती असे मी म्हणणार नाही. परंतु पेटलेल्या गावांची धग नसती तर ते इतक्या लगबगीने झाले असते, हे मानणे कठीण आहे. आणि पोचमपल्लीच्या दात्याचे औदार्य खरे मानूनही, ज्या प्रदेशात जमीनदार गावी राहण्यास धजत नव्हते त्याच प्रदेशात दानाची हाक इतकी लवकर ऐकू आली, हे विसरता येत नाही. तेलंगणाच्या त्या पहिल्या यात्रेत सुमारे १२,००० एकर मिळाली.

पुढे मागणी पाच कोटी एकरांची झाली आणि पदरी पडली ४२ लाखांच्या आसपास; तीतही खडकाळ आणि वादग्रस्त जमीन पुष्कळ, आणि न वाटली गेलेलीही पुष्कळ. संघर्ष थांबवावा असे आधीपासून म्हणणारे रावी नारायण रेड्डी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नलगोंड्यातून नेहरूंहूनही अधिक मतांनी निवडून आले. तत्पूर्वीच, ऑक्टोबर १९५१ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाने सशस्त्र लढा मागे घेतला होता. तो मागे घेणे योग्य होते असेच मला वाटते. सैन्यापुढे गावकऱ्यांची प्रेते पडत राहण्यात कोणाचेच हित नव्हते. पण त्यानंतर काय झाले ते पाहण्याजोगे आहे.

१९५० च्या त्या कायद्यात पुढे ३८-ई हे कलम घातले गेले. संरक्षित कुळास शासनाने आपण होऊन मालक करावे, असा त्याचा आशय. १९५५ मध्ये खम्मम भागात ते लागू झाले. तेलंगणाच्या उरलेल्या बहुतेक भागात, पोचमपल्ली ज्यात येते त्या नलगोंड्यातदेखील, ते अमलात आले १ जानेवारी १९७३ रोजी. कडवेंडीला गोळी झाडली गेली तेव्हा पाळण्यात असलेले मूल तोवर सव्वीस वर्षांचे झाले होते.